बशीतले पाणी कुठे गेले?

आमच्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या मावशींची मुलगी पाचवीत आहे. शाळा सुटली की ती आईबरोबर येते आणि आईचे काम आटोपेपर्यंत माझ्या टेबलाच्या दुसऱ्या टोकाला अभ्यासाला बसते. निवृत्त बँक अधिकारी आणि कादंबरीकार, दोघांनाही दुपारी बोलायला कुणीतरी लागतेच. त्यामुळे आमचे बरे जमते.

परवा तिने परिसर अभ्यासाच्या चाचणीचा पेपर माझ्यापुढे ठेवला. 'बाष्पीभवन म्हणजे काय?' या प्रश्नाखाली तिने लिहिले होते, 'पाणी न उकळता हळूहळू हवेत जाते. ओला फडका दोरीवर वाळतो तसे.' त्यावर लाल फुली आणि शेरा : वहीतले उत्तर लिही.

"वहीतलं उत्तर काय आहे?" मी विचारले.

तिने डोळे मिटले आणि एका दमात म्हणून टाकले, "द्रवाचे बाष्पात रूपांतर होण्याच्या क्रियेस बाष्पीभवन असे म्हणतात."

"मग हे का नाही लिहिलंस?"

"विसरले होते, आजोबा. मग जे माहीत होतं ते लिहिलं."

या उत्तराने मला माझा जुना अपराध आठवला. १९९६ च्या सुमारास मी मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी पीककर्जाचे काम पाहत होतो. हाताखाली एक नवा कृषी अधिकारी आला होता. एका कापसाच्या शेताची पाहणी करून त्याने अहवालात लिहिले, 'पानांच्या कडा तांबूस झाल्या आहेत. खालची पाने गळू लागली आहेत. शेजारच्या शेतात असे दिसले नाही.' मी त्याला बोलावून समजावले की, बाबा रे, हा निबंध नव्हे. रकान्यात एक शब्द भरायचा असतो. त्याने मुकाट्याने 'समाधानकारक' असे लिहून दिले. पुढे ते पीक बुडाले. शेतकरी कर्जाची मुदत वाढवून मागायला आला, तेव्हा त्याच्या बाजूने बोलणारा कागद फाइलमध्ये नव्हता. जो होता, तो माझ्याच सहीचा होता आणि त्यावर 'समाधानकारक' असे लिहिलेले होते.

म्हणून त्या लाल फुलीबद्दल बाईंना दोष द्यायला माझी जीभ रेटत नाही. पण फुली चुकीचीच आहे. मुलीने विज्ञान आणि भाषा दोन्ही एकाच वेळी केले होते. पाहिलेल्या गोष्टीला तिने स्वतःचे वाक्य शोधले, वर उदाहरण जोडले आणि 'न उकळता' हे शब्द घालून नेमका मुद्दा पकडला. वाफ फक्त उकळल्यावरच होते असे समजणारी मोठी माणसे मी पुष्कळ पाहिली आहेत. वहीतल्या व्याख्येत तो मुद्दा नाहीच!

आणि मराठी या कामाला किती समर्थ आहे पाहा. कपडे वाळतात, दूध आटते, विहीर आटते, पावसाचे पाणी जमिनीत मुरते, अत्तर उडून जाते. डबीचे झाकण उघडे राहिले तर कापूरही उडून जातो, तोही न वितळता. म्हणजे पाचवीतले पोर शाळेत येते ते असे बारकावे सांगणारी क्रियापदे घेऊनच. 'मुरणे' आणि 'आटणे' यांत पाणी नेमके कुठे जाते, यावर वर्गात अर्धा तास गप्पा झाल्या, तर तो तास विज्ञानाचा म्हणायचा की मराठीचा? बाष्पीभवन हा शब्दही हवाच, उत्तम शब्द आहे. पण त्याने या सगळ्यांच्या नंतर यावे. बारशाआधी मूल जन्मावे लागते.

यात मी नवे काही सांगत नाही. मध्य प्रदेशात १९७२ साली १६ माध्यमिक शाळांत होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रम सुरू झाला. त्याच्या 'बाल वैज्ञानिक' पुस्तकांत प्रयोग होते, प्रश्न होते, तयार उत्तरे मात्र नव्हती. ती मुलांनी करून, बोलून, आपल्या शब्दांत वहीत लिहायची. परीक्षेला पुस्तक उघडून बसायची मुभा होती. 'सवालीराम' नावाच्या एका काल्पनिक गृहस्थांना मुले मनातले प्रश्न पत्राने विचारत आणि त्यांना उत्तरे येत. पत्रलेखनाचा याहून चांगला धडा मला तरी ठाऊक नाही. तो कार्यक्रम २००२ मध्ये सरकारने बंद केला. आपल्या मुंबईतल्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रानेही 'स्मॉल सायन्स' ही प्राथमिक वर्गांची पुस्तके केली. त्यांत प्रयोगाच्या बरोबरीने बोलणे, लिहिणे आणि शब्दांशी खेळणे यांना जागा आहे.

आमच्या ओळखीच्या एक शिक्षिका म्हणाल्या, "काका, पन्नास पोरांची पन्नास वेगळी वाक्यं तपासायची कधी?" प्रश्न खरा आहे. छापील उत्तर नजर टाकून तपासता येते, मुलाचे वाक्य वाचावे लागते. पण रोज पन्नास वह्या वाचा असे कोण म्हणते? आठवड्यात एक तास ठेवा. मुलांना एकमेकांची टिपणे वाचू द्या, त्यांनाच विचारू द्या की, 'हे तू पाहिलंस की तुला वाटलं?' शुद्धलेखनाची लाल शाई त्या तासापुरती बाजूला राहू द्या. जिल्हा परिषदेच्या कितीतरी शाळांत मराठी आणि परिसर अभ्यास एकच गुरुजी शिकवतात. तिथे दोन विषयांमधली भिंत वेळापत्रकाच्या कागदावरच असते.

असो. आम्ही दोघांनी दोन बशांत दोन-दोन चमचे पाणी घातले. एक गॅलरीत उन्हात, एक फडताळात. रोज दुपारी ती पाहते आणि वहीत लिहिते. आधी मी तिला 'कारण' आणि 'म्हणून' हे दोन शब्द वापरायला सांगितले होते, आता सांगावे लागत नाही. काल तिने लिहिले, 'गॅलरीतली बशी कोरडी झाली, कारण तिथे ऊन आहे. पण मांजर पाणी प्यायले असेल तर हे कारण खोटे आहे. म्हणून उद्या बशीवर चाळण ठेवायची.'

आज चाळण ठेवली. तर ती म्हणते, चाळणीमुळे ऊन कमी लागत असेल, मग फडताळातल्या बशीवरही चाळण हवी. आमच्या घरात चाळण एकच आहे, आणि ती स्वयंपाकघरातून आणलेली आहे हे अजून मावशींना कळलेले नाही.