बोट कुठली घ्यायची?



पुण्याला शनिवार पेठेत जिथे आपल्या ह्या पत्रकाचे स्टेन्सिल कापले जाते, त्या खोलीत पंधरा दिवस झाले दोन कागद पडून आहेत. दोन बोटींची दरपत्रके आहेत ती. पुण्यातल्या काही मंडळींनी नर्मदेच्या काठावरच्या आपल्या गावांसाठी वर्गणी काढली. पैसे एका बोटीपुरते जमले. आता ते विचारतात, दोनपैकी कुठली घेऊ? आम्ही म्हटलं, ते गावं सांगतील. पण गावाने सांगायचे तर गावाला आधी सगळे कळले पाहिजे. म्हणून ह्या वेळचे संपादकीय बोटीवर.

दोन्ही बोटी एकाच जातीच्या. तळ कडक, आणि सभोवार हवा भरलेल्या जाड नळ्या. पुराच्या वेळी लष्कराची माणसे आणतात त्या रबरी बोटी आपण पाहिल्यात. त्यातल्या कित्येकांचा तळ मऊ असतो, हिचा कडक. ही जात निघाली ती विलायतेत, वेल्स प्रांतात. 1960 च्या दशकात तिथल्या अटलांटिक कॉलेजची पोरे समुद्रात बुडणाऱ्यांना वाचवायला रबरी बोटी वापरायची. किनारा दगडगोट्यांचा, बोट ओढून ओढून तळ फाटायचा. मग त्यांनी तळाला प्लायवूड चिकटवले. तिथून सुधारत सुधारत ही बोट झाली. डेस्मंड होर नावाचे निवृत्त नौदल अधिकारी त्या कॉलेजचे प्रमुख होते. त्यांनी पेटंट घेतले आणि वर्गणीवर चालणाऱ्या तिथल्या जीवरक्षक संस्थेला एका पौंडाला देऊन टाकले. दगडाच्या काठावर ओढायची बोट, ही तिची जन्मकथा, आणि आपला काठ तसाच.

फायदा काय, तर बोटीत पाणी भरले तरी नळ्या तिला बुडू देत नाहीत, आणि माणसे एका बाजूला सरकली तरी ती चटकन कलंडत नाही. 15 जानेवारी 2019, संक्रांतीचा दिवस, धडगाव तालुक्यातले भुषा. नर्मदेच्या पूजेला निघालेली बोट उलटली. त्याच वर्षी 8 ऑगस्टला सांगली जिल्ह्यातल्या ब्रह्मनाळला पुरातून बाहेर काढणारी बोट उलटली. दोन्हीकडे बोटीला झेपतील त्याहून जास्त माणसे चढली होती. दोन्हीकडे माणसे गेली.

आता कागद. पहिली बोट 3.8 मीटर लांब, तळ ॲल्युमिनियमचा, नळ्या पीव्हीसीच्या कापडाच्या, तीन कप्पे, सहा माणसे, 20 हॉर्सपॉवरचे इंजिन. इंजिन सोडून वजन 85 किलो. दुसरी 4.7 मीटर, तळ फायबरचा, नळ्या हायपलॉन नावाच्या रबरी कापडाच्या, पाच कप्पे, दहा माणसे, 40 हॉर्सपॉवर, वजन 230 किलो. किंमत जवळजवळ दुप्पट. कप्पे म्हणजे नळीच्या आत पडदे; एक कप्पा फुटला तरी बाकीचे हवा धरून राहतात.

पहिल्यांदा कुणालाही दुसरीच आवडते. बैठकीत बायांनी तेच सांगितले: "मोठी घ्या, बाळंतीण एकटी जात नाही, तिच्याबरोबर सासू येते, दाई येते, नवरा येतो." खरे आहे. मोठी बोट लाटेवर जास्त स्थिर, आणि वारा सुटला की जलाशयात लाट केवढी उठते ते आपल्याला पुण्याहून कुणी सांगायला नको.

तरी आमचे मत लहान बोटीकडे झुकते. का, ते सांगतो.

एक म्हणजे काठ. पाणी कधी खाली, कधी वर, मीटरच्या मीटर. पक्का घाट कुठेच नाही. गाळ, दगड, उतार, पाण्याखाली बुडालेल्या झाडांची खोडे. 85 किलोची बोट इंजिन उतरवून चार-सहा जण उचलून वर घेतात. 230 किलोची बोट कोण उचलणार? ती पाण्यातच बांधून राहणार, बारा महिने उन्हात. रात्रीत पाणी उतरले तर सकाळी गाळात रुतलेली, आणि खोडावर बसली तर फायबरला तडा. फायबर दुरुस्त होते, पण त्याला राळ आणि कापड लागते, हात बसलेला माणूस लागतो. ॲल्युमिनियमला पोचा पडतो, फुटत नाही सहसा.

दुसरे पेट्रोल. इंजिन पूर्ण वेगात चालवले तर 20 हॉर्सपॉवरला तासाला सात-आठ लिटर, 40 ला त्याच्या दुप्पट. हे पेट्रोल डोंगर उतरून कॅनने आणायचे आहे. वर्गणीत बोट आली, पेट्रोल आलेले नाही. पेट्रोल नाही म्हणून काठावर उलटी पडलेली मोठी बोट आजाऱ्याच्या काय कामाची?

नळ्यांच्या बाबतीत मात्र दुसरी बोट उजवी. पीव्हीसी आपल्या उन्हात कडक होत जाते, चिकटवलेला सांधा सुटतो. हायपलॉन ऊन सोसते, पेट्रोलचे थेंब सोसते, आणि ठिगळ हाताने लावता येते. (ठिगळाचा गोंद दमट हवेत धरत नाही, म्हणजे आषाढ-श्रावणात नुसते ठिगळ लावून भागणार नाही. सगळी तपासणी रोहिण्यांच्या आधी झाली पाहिजे.) तेव्हा दुकानदाराला आम्ही विचारायला सांगितले आहे की लहान बोटीला हायपलॉनच्या नळ्या लावून मिळतील का. कापडाचे नाव, बनवणारा कोण, हे बिलावर लिहून घ्यायचे; मूळ हायपलॉन आता निघत नाही, त्या जातीचे दुसऱ्यांचे कापड त्याच नावाने विकले जाते.

पण खरी गोष्ट ह्यापुढची आहे.

आमची खोली आहे त्या पेठेने पाणी पाहिलेले आहे. 12 जुलै 1961 ला पानशेतचे धरण फुटले, पाठोपाठ खडकवासला गेले, आणि मुठेचे पाणी शनिवार, नारायण पेठांत घरांवर चढले. म्हातारी माणसे अजून हात वर करून दाखवतात, इथवर. शहराचे हाल झाले, वाडे कोसळले. पण ते पाणी एक-दोन दिवसांत उतरले. लोक चिखल काढायला परत आले. आपल्याकडे आलेले पाणी उतरायला आलेले नाही. सरदार सरोवराचे दरवाजे 2017 च्या जूनमध्ये बंद झाले, 138.68 मीटरपर्यंत पाणी भरायची परवानगी झाली, आणि महाराष्ट्रातली 33 गावे त्या बुडिताची. जिथे रस्ता होता तिथे पाणी आहे. दुकानदाराच्या कागदावर दोन्ही बोटींना "बचाव बोट" म्हटलंय. बचाव बोट उतरणाऱ्या पाण्यासाठी असते, वर्षातून आठ-पंधरा दिवस. आपल्याला रोज पाणी ओलांडायचे आहे: रेशन, शाळा, बाजार, दवाखाना.

2020 साली टाळेबंदीत चिमलखेडीच्या अंगणवाडीताई रेलू वसावे मासेमाराची लहान नाव मागून घेऊन अलिगट आणि दादर पाड्यांवर जायच्या, स्वतः वल्हवत, जाऊन-येऊन 18 किलोमीटर, गरोदर बाया आणि तान्ह्या पोरांना आहार पोचवायला. सगळ्या वर्तमानपत्रांत फोटो आले, कौतुक झाले. कौतुक रास्तच होते. पण त्या बाईला वल्हे का हातात घ्यावे लागले, हे विचारणारे थोडे.

म्हणून आम्हाला दहा माणसांच्या बोटीची भीती वाटते. ती आली की रोजची फेरी तिच्यावर पडेल. बाजाराच्या दिवशी दहाच्या जागी वीस चढतील, वर पोती, शेळ्या, आणि नाही म्हणणारा आपलाच भाऊ असेल, त्याला नाही म्हणवणार नाही. आणि उद्या तालुक्याला रस्ता मागायला गेलो की उत्तर तयार: तुमच्याकडे बोट आहे ना? रोजच्या प्रवासाची मोठी, विमा असलेली, पगारी चालकाची बोट देणे हे ज्यांनी पाणी भरले त्यांचे काम आहे. रस्त्याचे तसेच. वनहक्क कायद्याच्या कलम 3(2) मध्ये रस्ता, दवाखाना, शाळा ह्यांसाठी वनजमीन देता येते. दर कामाला एक हेक्टरपेक्षा कमी जागा, हेक्टरी 75 च्या आत झाडे, आणि शिफारस ग्रामसभेची. "जंगल आहे म्हणून रस्ता नाही" असे कुणी म्हटले तर हे कलम दाखवा. ती मागणी वर्गणीच्या बोटीत बसवून वाहून जाऊ द्यायची नाही.

लहान बोट फक्त अडलेली बाळंतीण, साप चावलेला, तापाने फणफणलेले पोर ह्यांच्यासाठी. तिच्यात एक माणूस आडवा निजतो, शिवाय चालक, दाई आणि घरचा एक. सासूबाईंनी मागच्या नावेने यावे. सहा म्हणजे चालक धरून सहा, आणि एक माणूस 75 किलोचा धरलेला असतो. पेट्रोलचा कॅन चढला की तेवढे वजन कमी करायचे. ह्याला कुणी रागावले तर रागावू द्या.

आणखी दोन गोष्टी दुकानदाराकडून घ्यायच्याच, बोट कुठलीही असो. इंजिन बंद पाडणारी दोरी, जी चालकाच्या मनगटाला बांधलेली असते. तो पाण्यात पडला तर इंजिन आपोआप थांबते, बोट माणसांवर फिरत नाही. आणि पोरांच्या मापाची तरंगती जाकिटे. मोठ्यांचे जाकीट पोराच्या डोक्यावरून निसटते.

बोट कुणा कार्यकर्त्याच्या किंवा संस्थेच्या नावावर नको, ग्रामसभेच्या ठरावाने ग्रामसभेची असावी. चाव्या कुणाकडे, पेट्रोलचा हिशोब कोण लिहिणार, हे ठरावात घाला. चालवायला शिकायला प्रत्येक गावाने दोन नावे द्यावीत, त्यातली एक बाईची. रात्री बाळंतीण न्यायची तर सोबत बाई पाहिजे, आणि ती नुसती बसून का राहावी?

आमचे मत पटले नाही तर तसे लिहा. मोठीच पाहिजे असे तीन गावांनी म्हटले तर आम्ही पुढच्या अंकात तेच छापू. ठराव आणि नावे पुढचा अंक निघायच्या आत पोचवा, दरपत्रकाची मुदत महिनाअखेर संपते.