चैत्रात लोकर?

चैत्रात लोकर घेऊन बसले की घरचे हसतात. "आई, तयार स्वेटर मिळतात की!" मिळतात हो. पण वेणीचं कार्डिगन घाईचं काम नव्हे. ३ टाके जादा सुईवर थांबवायचे, पुढचे ३ विणायचे, मग थांबवलेले विणायचे, की पीळ पडतो. पिळाने वीण आवळते, म्हणून टाकेही जास्त घालावे लागतात. थंडीत सुरू केलं तर हिवाळा विणण्यातच सरायचा! शिवाय आत्ता विणताना कोकीळ ऐकू येतो, मोगरा दरवळतो, मधेच आंब्याची डाळ नि पन्हं होतं.

माझं मत विचाराल, तर सत्तरीनंतर चैत्रात स्वेटर घालणं म्हणजे पुढची थंडी आपली आहे असं धरून चालणं. मंडळी, हा भरवसा तयार स्वेटरात मिळत नाही.