चोर सोडून संन्याशाला सुळी

संगणकाच्या रक्षणासाठी नेमलेला पहारेकरी घरच्याच माणसाला दारात अडवू लागला तर काय करायचे, हा प्रश्न सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांना नवा नाही. तासन्‌तास खपून लिहिलेला प्रोग्राम प्रथमच चालवून पाहावा आणि अँटिव्हायरसने त्याला विषाणू ठरवून परस्पर नाहीसे करावे, हा या व्यवसायातील नित्याचा अनुभव आहे. गुगलमध्ये जन्मलेल्या ‘गो’ या प्रोग्रामिंग भाषेच्या अधिकृत प्रश्नोत्तरांत या तक्रारीसाठी स्वतंत्र प्रश्नच ठेवावा लागला असून, असे इशारे जवळजवळ नेहमीच खोटे असतात, असे उत्तर तेथे दिले आहे. वरवर पाहता ही एका व्यवसायाची कुरबुर वाटेल. प्रत्यक्षात तिचा संबंध प्रत्येक संगणकधारकाच्या सुरक्षिततेशी आहे.

या संघर्षाचे मूळ अँटिव्हायरसच्या कार्यपद्धतीत आहे. पूर्वी ज्ञात विषाणूंच्या खुणांची यादी पाहून फाइल तपासली जाई. रोज नवे विषाणू निघू लागल्यावर ही यादी अपुरी पडली आणि फाइलच्या वर्तनावरून व तिच्या ‘पत’वरून संशय घेण्याची पद्धत आली. जी फाइल लाखो संगणकांवर आहे, जिच्यावर ओळखीच्या कंपनीची डिजिटल स्वाक्षरी आहे, ती विश्वासार्ह. जी कुणी कधी पाहिली नाही, ती संशयास्पद. सामान्य वापरकर्त्यासाठी हा निकष योग्यच आहे. परंतु पूर्वी कुणी न पाहिलेली फाइल तयार करणे हेच तर प्रोग्रामरचे काम! कंपायलरने क्षणापूर्वी घडवलेल्या फाइलला पत कोठून असणार?

दुसरी अडचण वेगाची. मोठा प्रकल्प कंपाइल होताना हजारो लहान फाइली उघडल्या, लिहिल्या आणि पुसल्या जातात. प्रत्येक वेळी पहारेकरी झडती घेतो आणि काम रेंगाळते. मायक्रोसॉफ्टनेही ही अडचण ओळखली आहे. २०२३ मध्ये विंडोज ११ साठी आणलेल्या ‘डेव्ह ड्राइव्ह’ या सोयीत फाइल आधी उघडू दिली जाते आणि तपासणी मागाहून होते.

पहारेकऱ्याच्या चुकीची किंमत केवळ प्रोग्रामरच मोजतात, असेही नाही. मे २००७ मध्ये सिमँटेकच्या अँटिव्हायरसने चिनी भाषेतील विंडोज एक्सपीच्या दोन आवश्यक फाइलींना विषाणू ठरवले आणि संगणक सुरूच होईनात. २१ एप्रिल २०१० रोजी मॅकॅफीने विंडोज एक्सपीची ‘एसव्हीसीहोस्ट’ ही मूळ फाइलच गुन्हेगार ठरवली. सप्टेंबर २०१२ मध्ये सोफोसने तर स्वतःच्याच अद्ययावतीकरणाच्या प्रोग्रामवर संशय घेतला. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइकच्या बाबतीत दोष निराळा, सदोष अद्ययावतीकरणाचा होता. पण मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार ८५ लाख संगणक कोलमडले आणि भारतातील विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. त्यानंतर सुरक्षा-सॉफ्टवेअर विंडोजच्या गाभ्याबाहेरून चालवण्याची व्यवस्था उभारण्याचे काम मायक्रोसॉफ्टने हाती घेतले.

मग प्रोग्रामरांच्या संगणकांवरून अँटिव्हायरस हद्दपारच करावा काय? तसे करणे आत्मघातकी ठरेल. ऑगस्ट २००९ मध्ये उघडकीस आलेल्या ‘इंडक’ या विषाणूने थेट ‘डेल्फी’ या प्रोग्रामिंग साधनालाच ग्रासले होते; त्या संगणकावर कंपाइल झालेला प्रत्येक प्रोग्राम विषाणू घेऊनच बाहेर पडत असे. डिसेंबर २०२० मध्ये उजेडात आलेल्या सोलरविंड्स प्रकरणात घुसखोरांनी सॉफ्टवेअर जेथे तयार होते तेथेच विष कालवले आणि ते सुमारे १८ हजार ग्राहकांपर्यंत पोहोचले. एका वापरकर्त्याचा संगणक बाधित झाला तर एकाचे नुकसान. प्रोग्रामरचा बाधित झाला तर त्याच्या साऱ्या ग्राहकांचे.

खरा धोका येथेच आहे. काम अडू लागले की वैतागलेला प्रोग्रामर गुपचूप अँटिव्हायरस बंद करतो किंवा अख्खी डिस्क तपासणीतून वगळतो. खोट्या इशाऱ्यांची सवय झाली की खऱ्या इशाऱ्याकडेही दुर्लक्ष होते. म्हणजे अतिदक्षतेची परिणती निष्काळजीपणात होते, आणि तीही जेथे पहाऱ्याची सर्वाधिक गरज आहे तेथे.

यावर तोडगा आहे. कंपन्यांनी ठरावीक फोल्डरपुरती, लेखी नोंद असलेली सवलत द्यावी आणि ग्राहकांना पाठवायचे अंतिम सॉफ्टवेअर मात्र वेगळ्या, पूर्ण पहाऱ्यातील संगणकावर तयार करावे. अँटिव्हायरस बनवणाऱ्यांनी खोट्या संशयाची तक्रार तातडीने निकाली काढण्याचे बंधन स्वीकारावे. याची सर्वाधिक झळ एकट्यादुकट्या प्रोग्रामरला बसते. मोठ्या कंपनीची पत आधीच असते. त्याला मात्र डिजिटल स्वाक्षरीचा खर्च सोसूनही ग्राहकाच्या पडद्यावर धोक्याची सूचना पाहावी लागते आणि ग्राहक त्यालाच लबाड समजतो. क्विक हीलसारखी अँटिव्हायरस कंपनी ज्या पुण्यात उभी राहिली, त्याच शहरात हजारो प्रोग्रामर रोज नव्या फाइली घडवत आहेत. या दोहोंमध्ये संवाद घडणे अवघड नसावे. चोर पकडण्याच्या भरात संन्याशाला सुळी देणारा पहारेकरी अखेर कुणाचाच विश्वास टिकवू शकत नाही.