कुत्र्याचे इन्सुलिन, मांजराचे इन्सुलिन

मधुमेही कुत्र्यामांजरांना माणसासाठी तयार केलेले इन्सुलिन कितपत मानवते, हा प्रश्न पशुवैद्यकांच्या चर्चेत वारंवार निघतो आणि बहुतेक वेळा दोन प्रजातींच्या इन्सुलिनमध्ये किती अमिनो आम्ले वेगळी आहेत, एवढ्या हिशोबावर त्याचे उत्तर सोडले जाते. हा हिशोब सोपा असला तरी अपुरा आहे, कारण बदल रेणूच्या कोणत्या भागात झाला आहे हे पाहिल्याखेरीज त्या आकड्याला उपचाराच्या दृष्टीने फारसा अर्थ उरत नाही.

इन्सुलिनच्या रेणूत २१ अमिनो आम्लांची 'ए' आणि ३० अमिनो आम्लांची 'बी' अशा दोन साखळ्या असतात. त्या गंधकाच्या दोन बंधांनी एकमेकींना जोडलेल्या असून तिसरा बंध 'ए' साखळीच्या आतच, सहाव्या व अकराव्या स्थानांमध्ये असतो. फ्रेडरिक सँगर यांनी गोवंशीय इन्सुलिनवर काम करून १९५५ पर्यंत ही संपूर्ण रचना उलगडली, आणि त्यानंतर इतर प्राण्यांची इन्सुलिने तपासली गेली तेव्हा हे तिन्ही बंध जिथल्या तिथे राहून बदल ठरावीक जागीच एकवटलेले दिसले. माणसाच्या 'बी' साखळीच्या शेवटी, म्हणजे तिसाव्या स्थानी, थ्रिओनिन असते. डुकरात तिथे अ‍ॅलानिन असते आणि दोहोंत एवढाच काय तो फरक आहे. कुत्र्याचे इन्सुलिन तर डुकराच्या इन्सुलिनशी तंतोतंत जुळते. हे टोक ग्राहीशी, म्हणजे पेशीवरील ज्या प्रथिनाला इन्सुलिन चिकटते त्याच्याशी होणाऱ्या जोडणीत महत्त्वाचे नसल्याने तिथला बदल औषधाच्या परिणामात जवळजवळ जाणवत नाही. १९८० च्या दशकात डुकराच्या इन्सुलिनमधील तेवढे एक अ‍ॅलानिन विकरांच्या साहाय्याने बदलून 'मानवी' इन्सुलिन बाजारात आणले गेले, ते याच साम्याच्या बळावर.

गोवंशीय इन्सुलिनमध्ये या टोकाखेरीज 'ए' साखळीच्या आठव्या स्थानी थ्रिओनिनऐवजी अ‍ॅलानिन आणि दहाव्या स्थानी आयसोल्युसिनऐवजी व्हॅलिन येते. हा भाग रेणूच्या पृष्ठभागावर उघडा असल्याने प्रतिकारसंस्थेच्या नजरेत चटकन भरतो, आणि गोवंशीय इन्सुलिन दिलेल्या कुत्र्यांमध्ये त्याविरुद्धची प्रतिपिंडे डुकराच्या इन्सुलिनच्या तुलनेने अधिक आढळतात. मांजराचे इन्सुलिन गोवंशीय इन्सुलिनहून 'ए' साखळीच्या अठराव्या स्थानी तेवढे वेगळे, तर मानवी इन्सुलिनहून चार ठिकाणी वेगळे आहे. केवळ मोजदाद करायची तर मांजराला गोवंशीय इन्सुलिनच द्यायला हवे. प्रत्यक्षात आज अनेक पशुवैद्यक ग्लार्जिनला पसंती देतात, जे मानवी इन्सुलिनमध्ये आणखी फेरफार करून बनवलेले, म्हणजे मांजरापासून आणखी दूर गेलेले असते. त्वचेखाली ते सावकाश विरघळते आणि ग्राहीशी जोडले जाते, एवढे मांजराला पुरते. (ग्लार्जिन सहसा एका मिलिलिटरमध्ये १०० एकक असते, त्यामुळे ४० एककांच्या लाल टोपणाच्या सिरिंजने ते त्या खुणांनुसार भरल्यास मात्रा अडीचपट होते, हे इथे सांगून ठेवणे बरे.)

जागेचे महत्त्व किती, याचा सर्वांत ठळक पुरावा गिनीपिगमध्ये मिळतो. इतर बहुतेक सस्तन प्राण्यांत 'बी' साखळीच्या दहाव्या स्थानी असलेले हिस्टिडिन जस्ताला धरून ठेवते आणि त्यामुळे इन्सुलिनचे सहा रेणू एकत्र येऊन षट्क बनते. गिनीपिगमध्ये तिथे अ‍ॅस्पॅराजिन असल्याने जस्त धरले जात नाही व षट्कही बनत नाही. त्याच्या इन्सुलिनमधील सुमारे एक तृतीयांश स्थाने मानवी इन्सुलिनहून वेगळी असून त्याची शक्तीही बरीच कमी आहे. उलट कोंबडीचे इन्सुलिन अनेक स्थानी वेगळे असूनही मानवी इन्सुलिनपेक्षा अधिक प्रभावी ठरते, आणि त्याचे श्रेय मुख्यतः 'ए' साखळीच्या आठव्या स्थानावरील एका हिस्टिडिनला जाते.

गिनीपिगचे हे वेगळेपण विज्ञानाच्या चांगलेच उपयोगी पडले. बर्सन आणि यॅलो यांनी गिनीपिगना गोवंशीय इन्सुलिन टोचून त्याविरुद्धची प्रतिपिंडे मिळवली आणि त्यांच्या आधारे १९६० मध्ये माणसाच्या रक्तातील इन्सुलिन मोजून दाखवले. गोवंशीय इन्सुलिनविरुद्धची प्रतिपिंडे मानवी इन्सुलिनलाही ओळखत असल्यामुळेच ते साधले. इन्सुलिन मोजण्याचे आजचे अनेक चाचणी-संच मात्र मानवी इन्सुलिनपुरतेच काटेकोर केलेले असून पशुवैद्यकांची अडचण नेमकी इथे सुरू होते. मानवी प्रयोगशाळेत पाठवलेल्या मांजराच्या नमुन्यात इन्सुलिन 'नगण्य' असल्याचा अहवाल आला, तर त्यावरून स्वादुपिंड निकामी झाल्याचा निष्कर्ष काढणे धोक्याचे आहे, कारण तो संच मांजराचे इन्सुलिन ओळखतच नसेल. सी-पेप्टाइडच्या, म्हणजे इन्सुलिन तयार होताना कापून वेगळ्या होणाऱ्या तुकड्याच्या बाबतीत ही अडचण आणखी मोठी आहे; त्याची लांबी माणसात ३१, डुकरात २९ आणि गोवंशात २६ अमिनो आम्ले इतकी बदलते आणि क्रमही बराच भिन्न असतो. नमुना पाठवण्यापूर्वी हा संच त्या प्रजातीसाठी पडताळलेला आहे का, एवढा एकच प्रश्न प्रयोगशाळेला लेखी विचारावा, आणि उत्तर होकारार्थी नसेल तर पशुपालकाला त्या चाचणीच्या खर्चात पाडू नये.