गारवा कुणाचा, झळ कुणाला?

एअर कंडिशनर थंडी निर्माण करीत नाही. तो खोलीतली उष्णता उचलून बाहेर फेकतो आणि त्यासाठी जाळलेल्या विजेची उष्णताही तिच्यात मिसळतो. म्हणजे काचेच्या इमारतीतला गारवा शेजारच्या पत्र्याच्या वस्तीच्या पदरी उकाडाच घालतो.

केंद्र सरकारने २०१९ साली 'इंडिया कूलिंग ॲक्शन प्लॅन' आणला, तेव्हा देशातील जेमतेम आठ टक्के घरांत एसी होता. नवा एसी सुरू होताच २४ अंशांवर असावा, अशी अट २०२० पासून लागू झाली. अट योग्यच, पण ज्याच्या घरी भारनियमनात पंखाही थांबतो, त्याचे काय?

उपाय महाग नाही. २०१० च्या उष्णतेच्या लाटेने होरपळलेल्या अहमदाबादेने २०१३ साली कृती आराखडा केला. पुढे गरीब वस्त्यांची छपरे पांढऱ्या रंगाने रंगवली. तेलंगणाने २०२३ साली थंड छपरांचे धोरणच केले. पांढऱ्या छपराला वीज लागत नाही, बिल येत नाही.

मग आपल्या महापालिका कशाची वाट पाहतात? रस्ता झाडणाऱ्याला, विटा वाहणाऱ्या बाईला सावली देणे ही मेहेरबानी नव्हे. तो जगण्याचा हक्क आहे. एसी दालनात बसून अंदाजपत्रक मांडणाऱ्यांना वस्तीवस्तीतून हा जाब विचारला पाहिजे.