आदिवासी आईला अडाणी म्हणणं आता थांबवा

पोषण महिना आला की सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वरच्या पाड्यांवर तक्ते लागतात, पालेभाज्यांच्या रांगोळ्या निघतात आणि भाषणात एक वाक्य हमखास येतं : 'या लोकांना आहाराचं ज्ञान नाही.' कुपोषणाचं इतकं सोयीचं दुसरं निदान नाही. दोष आईच्या माथी मारला की बाकी सगळे मोकळे!

आधी ज्ञानाचंच पाहू. कोकणा, महादेव कोळी, वारली घरांत पिढ्यानपिढ्या नागली, वरई, उडीद, खुरासणी पिकते. 100 ग्रॅम नागलीत सुमारे 350 मिलिग्रॅम कॅल्शियम असतं. तांदळात त्याचा दहावा भागही नसतो. पावसाळ्यात टाकळा, कुर्डू, ओढ्यातले खेकडे आणि मासे. शहरात तुम्ही-आम्ही जी नाचणी महागड्या पाकिटातून आणतो, तिच्या भाकरी या घरांत आजेसासूपासून थापल्या जातात.

मग मूल खंगतं कशानं? शेत पावसावरचं. घरातलं धान्य सरत आलं की कुटुंब दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत, नाहीतर नाशिकच्या बांधकामांवर कामाला येतं. अंगणवाडी गावीच राहते. अमृत आहार योजनेत आठवड्यातून चार दिवस मिळणारं अंडं किंवा केळीही तिथंच राहतात. रेशनवर मुख्यतः तांदूळ आणि गहू. त्यानं पोट भरेल. पण डाळ, तेल, अंडं कुठून आणायचं? त्यातून लहान मुलाचं पोट चिमुकलं. त्याला दिवसातून चार-पाच वेळा थोडं थोडं भरवावं लागतं. आई दिवसभर बागेत आणि तान्हं मोठ्या बहिणीच्या कडेवर. हातात पाच रुपयांचा बिस्किटपुडा. याला अज्ञान म्हणायचं?

सल्ला देऊच नये, असं मी म्हणत नाही. पहिले सहा महिने फक्त आईचं दूध, सहा महिने पूर्ण झाले की त्याच्या जोडीला घट्टसर वरचं अन्न आणि त्यात चमचाभर तेल, हे प्रत्येक आईला सांगायलाच हवं. तुमच्या-माझ्या घरातल्या आईलाही. पण रिकाम्या डब्यासमोर उभं राहून दिलेला सल्ला तिला टोमण्यासारखाच लागतो.

तुम्ही काय करू शकता?

• तुमच्या बागेत किंवा बांधकामावर अशी कुटुंबं उतरली असतील, तर मुलांची नावं जवळच्या अंगणवाडीत घाला. बाहेरगावचं मूल म्हणून त्याला परत पाठवू देऊ नका.

• अंगावर पाजणाऱ्या बाईला बाळाकडे जायला वेळ द्या, मजुरी न कापता.

• 6 महिने ते 5 वर्षांच्या मुलाच्या दंडाचा घेर 11.5 सेंटिमीटरपेक्षा कमी असेल किंवा दोन्ही पायांवर सूज असेल, तर टॉनिकच्या बाटलीत वेळ घालवू नका. त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात न्या. हे तीव्र कुपोषण आहे आणि त्यात जीव जाऊ शकतो.

यापुढे कुणी 'यांना कळतच नाही' म्हणालं, तर त्याला एवढंच विचारा : त्या पोरानं आज काय खाल्लं, आणि त्याला भरवायला घरी कोण होतं?