दिलेली फांदी, राखलेली बाग

जालना जिल्ह्याची देशभर ओळख आहे ती बियाण्यांसाठी. १९६४ साली बद्रीनारायण बारवाले यांनी जालन्यात 'महिको' या कंपनीची स्थापना केली आणि पुढच्या काही दशकांत हे शहर संकरित बियाण्यांच्या व्यापाराचे मोठे केंद्र बनले. संकरित बियाण्याने उत्पादन वाढविले, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु त्याच्या पिकातून राखलेले बी पुढील वर्षी पेरले, तर पहिल्या पिढीचे एकसारखे गुण त्यात टिकत नाहीत. त्यामुळे शेतकऱ्याला दर मृगाला दुकानाची पायरी चढावी लागते. कापसाच्या बाबतीत तर घरचे बी राखण्याची रीत जवळजवळ संपुष्टात आली आहे.

याच जिल्ह्याच्या दक्षिण सीमेवर, अंबड तालुक्यात, गोदावरीच्या काठी शहागड वसले आहे. नदीवरचा पूल ओलांडला की बीड जिल्ह्यातील गेवराई तालुका लागतो. या टापूतील कष्टकऱ्याच्या घरापुढची बाग पाहिली, तर तिच्यात विकत आणलेले असे थोडेच सापडते. दाराशी तुळस असते ती कुणा शेजारणीच्या मंजिरीतून उगवलेली. जास्वंदीची फांदी बहिणीच्या घरून आलेली असते. मोरीच्या पाण्यावर वाढणारी केळ आणि अळू ही मुनव्यांतून व कंदांतून आलेली, तर गवती चहाचा ठोंब आणि कोरफडीचे पिल्लू मागून आणलेले असते. शेतात बाजाराचे राज्य आणि परसात देवघेवीचे, अशी ही दोन अर्थव्यवस्थांची शेजारवस्ती आहे. पहिलीबद्दल आपण पुष्कळ बोलतो. दुसरीची मात्र 'बायकांची हौस' म्हणून बोळवण करतो. ही उपेक्षा कार्यकर्त्यांनी सोडली पाहिजे.

या देवघेवीमागचे शास्त्र साधे आहे. फांदीपासून वाढलेले झाड गुणांनी मूळ झाडासारखेच असते. पावसाळ्यात, हवेत दमटपणा असताना, करंगळीएवढ्या जाडीची निरोगी फांदी डोळ्याच्या खाली तिरकी कापावी, खालची पाने काढून टाकावीत आणि निदान दोन डोळे मातीत जातील अशी ती खोचावी. जास्वंद, मेंदी, अडुळसा, डाळिंब, अंजीर ही झाडे अशी लागतात. शेवग्याची मनगटाएवढी, तीन-चार फूट लांबीची खांदी पुरली तरी ती पालवते. गुळवेलीचा तुकडा निंबाच्या बुंध्याशी लावला की पुढचे ती स्वतः पाहून घेते. देणाऱ्याचे यात काहीच कमी होत नाही. उलट छाटलेले झाड अधिक फुटते. पैसा दिला की देणाऱ्याजवळचा घटतो. फांदीचा हिशेब निराळा आहे.

परंतु एवढ्यावर थांबून या व्यवहाराला 'औदार्य' म्हटले, तर त्याचे मर्म निसटते. देवघेव हा गरिबाचा विमा आहे. साखर कारखान्यांचा हंगाम सुरू झाला की मराठवाड्याच्या या भागातून कुटुंबेच्या कुटुंबे मुकादमाची उचल फेडण्यासाठी ऊसतोडीला जातात. दिवाळीच्या सुमारास घराला कुलूप लागते ते उन्हाळ्याच्या तोंडाशी उघडते. पाच-सहा महिने पाणी न मिळालेल्या कुंडीचे काय होणार, हे सांगायला नको. अशा बाईची बाग वाचते ती फक्त एका मार्गाने: जाण्यापूर्वी तिने शेजारणीला फांद्या दिलेल्या असतील, तर परतल्यावर त्यांच्याच फांद्या तिला मिळतात. जे स्वतःपाशीच जपून ठेवले ते वाळून जाते. जे वाटले ते गावात कुठेतरी जिवंत राहते. २०१२-१३ च्या दुष्काळात जालना जिल्ह्यातील मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या आणि शेतकऱ्यांना त्या तोडून टाकाव्या लागल्या. मोठ्या भांडवलाची बाग पुन्हा उभारायला कर्ज लागते. परसातली बाग पुन्हा उभी राहते ती शेजाऱ्यांच्या भरवशावर.

मोसंबीचे उदाहरण आणखी एक सावधगिरी शिकविते. मोसंबीचे कलम डोळा भरून करतात आणि रोगट झाडाचा डोळा घेतला, तर रोगही सोबत जातो. म्हणून लिंबूवर्गीय झाडांचे डोळे हातोहात फिरवू नयेत. त्यांची कलमे खात्रीच्या रोपवाटिकेतूनच घ्यावीत. इतर झाडांचीही कीड लागलेली फांदी कुणाला देऊ नये. जे आपल्या अंगणात लावणार नाही ते दुसऱ्याला न देणे, हीच देवघेवीची नीती होय.

काही मित्र विचारतील की, जमीन, मजुरी आणि भाव यांचे प्रश्न पेटलेले असताना फुलझाडांच्या फांद्यांवर पक्षाच्या साप्ताहिकाने जागा का खर्चावी? याचे पहिले उत्तर ताटात आहे. शेवग्याचा पाला, अळू, कढीपत्ता, दोन पपया एवढे दारात असले, तर मजुराच्या घरातील मुलाच्या पोटात आठवड्यातून काही वेळा हिरवी भाजी आणि फळ जाते, तेही रोख पैसा न मोजता. दुसरे उत्तर कायद्यात आहे. १९६६ च्या बियाणे कायद्याने 'बियाणे' या शब्दाची व्याख्या करताना अन्नपिकांचे कंद, मुळे, छाट आणि कलमे यांचाही त्यात समावेश केला आहे. २००१ च्या वनस्पती वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याच्या कलम ३९ ने शेतकऱ्याला आपल्या शेतातले बी राखण्याचा, पेरण्याचा, अदलाबदल करण्याचा, वाटण्याचा आणि विकण्याचा हक्क दिला आहे. संरक्षित वाणाचे बी छाप मारून विकण्यास मात्र मनाई आहे. वाण ही खासगी मालमत्ता मानणाऱ्या जगात हा हक्क कायद्यात लिहिला जाणे ही लहान गोष्ट नव्हे. पण जो हक्क वापरला जात नाही, तो कागदावरच झिजतो. अकोले तालुक्यातील कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी देशी वाणांची बीजबँक उभी करून तो वापरून दाखविला. २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. त्यांच्या कामाचे मूळ परसातच आहे.

आता या व्यवस्थेच्या मर्यादाही स्पष्ट बोलल्या पाहिजेत. फांदी फुकट मिळते. माती आणि पाणी फुकट मिळत नाही. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण घरकुलाचे किमान क्षेत्रफळ २५ चौरस मीटर, आणि तेही स्वयंपाकाच्या जागेसह. ज्याच्याजवळ घरकुलापुरतीच जागा आहे, त्याने शेवगा कोठे लावावा? शहागडच्या वरच्या अंगाला, पैठणला, जायकवाडीचे प्रचंड धरण १९७६ साली पूर्ण झाले. तरीही धरण भरल्याची बातमी आणि वस्तीवरच्या नळाला येणारे पाणी यांचा संबंध गोदाकाठीही लागतोच असे नाही. घागर डोक्यावरून आणणाऱ्या बाईला 'परसबाग फुलवा' असा उपदेश करणे ही क्रूर चेष्टा आहे.

त्याहून अवघड प्रश्न शिवेचा आहे. फांदी कुंपणावरून जाते. पण आपल्या खेड्यांत वस्त्याच जातीजातींनी पाडलेल्या आहेत. तेव्हा 'शेजारी' म्हणजे बहुधा जातभाईच असतो. गावातली फांदी दलित वस्तीत जाते का, आणि तिकडची गावात येते का? १९२७ साली महाडला बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, तो सार्वजनिक संपत्तीवरील समान हक्काचा उच्चार होता. देवघेव जर आपल्याच आळीत फिरत राहिली, तर ती समाजवादी तर नव्हेच, पुरेशी माणुसकीचीही नव्हे.

क्यूबाचा अनुभव येथे उपयोगी पडतो. १९९१ मध्ये सोव्हिएत संघ कोसळला आणि क्यूबाला मिळणारे इंधन, खते व धान्य आटले. तेव्हा हवाना शहरातील लोकांनी मोकळ्या जागांवर भाजीपाला पिकविला. हे लोकांच्या उत्साहाने घडले, तसेच सरकारने पडीक शहरी जमीन लागवडीसाठी वापरावयास दिली म्हणूनही घडले. लोकांची देवघेव आणि सार्वजनिक मालकीची जमीन, ही दोन्ही चाके असली तरच गाडा चालतो.

म्हणून कार्यकर्त्यांपुढे तीन साधी कामे आहेत. पहिले, मृगाच्या सुमारास गावच्या शाळेत किंवा समाजमंदिरात एक दिवस रोपे, फांद्या व बियांच्या अदलाबदलीसाठी ठेवावा आणि त्याचे निमंत्रण सर्व वस्त्यांना स्वतः जाऊन द्यावे. दुसरे, ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांची झाडे हंगामभर सांभाळण्याची जबाबदारी गावातच राहणाऱ्यांनी नावानिशी वाटून घ्यावी. तिसरे, ग्रामसभेत घरकुलाबरोबर परसापुरती जागा आणि प्रत्येक वस्तीला नळ यांचा ठराव मांडावा. गायरान किंवा गावठाणातील पडीक तुकडा भूमिहीनांच्या सामुदायिक बागेसाठी मागावा. यातील पहिल्या दोन कामांना कुणाच्या परवानगीची गरज नाही. तिसऱ्यासाठी मात्र झगडावे लागेल, आणि पहिली दोन कामे केलेल्या कार्यकर्त्याच्या पाठीशी ग्रामसभेत माणसे उभी राहतील.